खाता किंवा ओढता

ऑपरेशननंतर भागुबाई पिंगळे यांना ‘फ’ म्हणता येईना, आणि त्यांचा धंदा फुलांचा. मखमलाबादच्या पुढे त्यांचा दीड एकराचा मळा होता. त्यात झेंडू, शेवंती आणि बांधाच्या कडेने थोडा निशिगंध. ही फुलं घेऊन त्या चाळीसेक वर्षं गोदाकाठच्या बाजारात बसत होत्या. खालचा ओठ एका बाजूने बधिर होऊन लोंबला की ओठ मिटत नाहीत, आणि ओठ मिटले नाहीत तर प, फ, ब, भ, म यांतलं एकही अक्षर धड निघत नाही. म्हणजे फुलं गेली, भाकरी गेली, बाजार गेला आणि स्वतःचं नावही गेलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या भेटीत मी नियमाप्रमाणे नाव विचारलं, तेव्हा त्या ‘आगुआई’ म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. हसताना टाके ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसणं थांबेना.

मी आभा. शहरातल्या एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं संशोधन केंद्र आहे. एका खोलीत जनावरांकडून माणसांना होणाऱ्या तापावरच्या लशीचं काम चालतं. तिथली मंडळी गोठे आणि शेळ्यांचे वाडे हिंडून रक्ताचे नमुने आणतात. दुसऱ्या खोलीत आम्ही. जबड्याची शस्त्रक्रिया झालेली माणसं पुढच्या वर्षभरात कशी सावरतात, हे आम्ही नोंदवतो. प्रकल्पाचं इंग्रजी नाव दोन ओळी भरतं. प्रत्यक्षात मी प्लॅस्टिकची पट्टी धरून वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर मोजते, वजन करते आणि प्रश्नावली भरते. एवढ्यासाठी हिने एम.एस्सी. केलं का, असा प्रश्न माझ्या आईला पडतो. मला तेव्हा पडत नसे.

शेजारच्या खोलीत काय चालतं, हे भागुबाईंनी दुसऱ्याच भेटीत विचारून घेतलं. शेळ्यांच्या तापावर लस शोधतायत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “शेळीला लस, गाईला लस. मंग हाड सांधायची लस नाय का तुमच्याकडं?”

“नाही, मावशी.”

“मंग एवढं शिकून केलं काय?”

त्यांचं बोलणं मी इथे सगळी अक्षरं घालून लिहिते आहे. ऐकताना ते तसं नव्हतं. पहिला महिनाभर त्यांची सून सुवर्णा शेजारी बसून प्रत्येक वाक्य मला उलगडून सांगायची. मग हळूहळू माझाही कान सरावला.

बाई मूळच्या दिंडोरीकडच्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन मखमलाबादला आल्या. नवरा कोंडाजी मळ्यात वाघ आणि बाजारात मुका. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन जायचा आणि दलाल म्हणेल त्या भावाला देऊन परत यायचा. वाद घालायला तोंड उघडायची त्याला लाज वाटे. तीन वर्षं हे बघून भागुबाईंनी सांगून टाकलं, की उद्यापासून तुम्ही मळा बघा, बाजार मी बघते. भाजी मोडून फुलं लावायचं त्यांनीच ठरवलं. का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, “माणूस एखांद्या दिवशी भाजी खात नाय. देवानं कधी उपास केल्याचं ऐकलं का तू?”

बाजारात त्यांच्या तोंडाला सगळे वचकून असत. पूजेच्या फुलांसाठी कोणी फार घासाघीस करायला लागलं की त्या टोपली मागे ओढून म्हणायच्या, “असं भांडून घेतलेलं फूल देवाला चालतं का, ते आधी इचारून या. मी हितंच बसलीये.” माझे वडील गंगाधरशास्त्री. रामकुंडावर यजमानांची कार्यं करण्यात त्यांचा जन्म गेला. प्रकल्पात अशा एक भागुबाई आल्यात, हे मी जेवताना सांगितलं तर त्यांनी हातातला घास थांबवला. “झेंडूवाली? अगं, तिच्याशी भाव करायचा नसतो. मी वीस वर्षांत एकदाच केला.” पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण आई पदरात तोंड लपवून हसत होती.

अशा बाईच्या जबड्यात गाठ आली. आधी वाटलं दाढ. दाढ काढली, सूज तशीच. मग लेप झाले, शेक झाले, गाल बाहेर येत गेला, आणि पदराचं टोक गालावर ओढून त्या बाजार करत राहिल्या. दोन वर्षांनी आमच्या रुग्णालयात आल्या तेव्हा खालच्या जबड्याची डावी बाजू आतून पोखरली गेली होती. तुकडा तपासला. गाठ साधी निघाली, कॅन्सर नव्हे. कोंडाजींनी तिथल्या तिथे डॉक्टरांचे पाय धरले. डॉक्टर आल्हाद, म्हणजे आमचे सर आणि प्रकल्पाचे प्रमुखही तेच, त्यांना उठवून समजावत राहिले, की बाबा, साधी असली तरी ही गाठ हाड खात जाते, तेवढा जबडा कापावाच लागेल. मग पायाच्या पोटरीतलं बारीक हाड काढून तिथे बसवायचं, धातूच्या पट्टीने आणि स्क्रूंनी जखडायचं. सहा महिन्यांत ते हाड दोन्ही टोकांना धरलं, तर त्यावर दात बसवता येतील. कोंडाजींनी यातलं ‘साधी’ एवढंच ऐकलं होतं.

भागुबाईंनी मात्र सगळं ऐकलं होतं. “म्हंजे हाड धरलं तर भाकरी,” त्या म्हणाल्या, “नाय धरलं तर पेज.”

इतका नेमका सारांश आमच्या दोन ओळींच्या नावातही नाही. बाजरीची भाकरी चावून खायची आणि बाजारात आपल्या आवाजात फुलं विकायची, एवढंच त्यांना हवं होतं. दोन्ही त्या एका हाडावर अवलंबून होतं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं.

प्रश्नावली मूळची इंग्रजीत होती. तिचं मराठी मी केलं. सरकारी मराठीचा मला लहानपणापासून तिटकारा. ‘सहभागी’, ‘अनुपालन’, ‘मुखस्वास्थ्य’ असले शब्द दिसले की माझं डोकं तडकतं. मूळ प्रश्नात तंबाखूचे दोन प्रकार विचारले होते, धुराची आणि बिनधुराची. दुसऱ्या प्रकाराला ‘धूररहित तंबाखू’ असा मंजूर शब्द आहे. मळ्यातल्या बाईला असलं काही विचारलं तर आपण चुलीबद्दल विचारतोय की तंबाखूबद्दल हे तिला कळणार नाही, असं म्हणून मी तो खोडला. त्या जागी सोपं, घरगुती मराठी लिहिलं: तंबाखू खाता किंवा ओढता का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. बैठकीत सगळ्यांनी मान डोलावली. आल्हाद सर म्हणाले, “आभा, तुझं मराठी फार स्वच्छ आहे.” मी घरी जाऊन हे वडिलांना सांगितलं. इतका मला त्या वाक्याचा अभिमान होता.

ऑपरेशनच्या आधी मी भागुबाईंना हा प्रश्न विचारला तेव्हा त्या चक्क रागावल्या. “आमच्या घरात बिडीला कोणी हात लावत नाय. मालकांनी जल्मात सुपारी खाल्ली नाय. काय इचारती बाईमाणसाला?” मी ओशाळून ‘नाही’वर खूण केली. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने माझ्या कागदावरून केसपेपरवर उतरवून घेतलं, की व्यसन नाही. त्यांच्या दातांच्या मुळाशी काळी रेघ होती. ती त्यानेही पाहिली असणार, मीही पाहिली. वय झालं, खेड्यातलं पाणी, असं काहीतरी मनाशी म्हणून आम्ही पुढच्या प्रश्नाकडे गेलो.

ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, दहा तास चाललं आणि छान झालं. दोन आठवड्यांनी त्या काठी टेकत चालायला लागल्या. घरी जाताना आम्ही प्रत्येकाला एक पिशवी देतो. त्यात मऊ ब्रश, गुळण्यांचं औषध आणि एक कार्ड. कार्डावर रोजचे दोन चौकोन, सकाळ आणि संध्याकाळ, आणि वर प्रश्न: दात घासले का? तोंड स्वच्छ राहिलं तर जखम चिघळत नाही, हाड लवकर धरतं, हे मी भागुबाईंना तीन-तीनदा बजावलं. त्या ऐकत होत्या. शेवटी ब्रश हातात घेऊन त्यांनी विचारलं, “हा टोचतो गं. बोटानं नाय का चालायचं?”

मी सरांना विचारून आले. टाक्यांपाशी सुरुवातीला ब्रश नकोच, बोटाने हलकं केलं तरी चालेल, असं ते म्हणाले. तसं मी सांगितलं. कशाने, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. कार्डावर तो चौकोनच नव्हता.

त्यानंतरचे तीन महिने आमच्या खोलीतले सगळ्यात चांगले दिवस होते. दर पंधरा दिवसांनी त्या सुवर्णासोबत बसने यायच्या. येताना परडीभर फुलं आणायच्या, लशीच्या खोलीलाही वाटायच्या. कार्ड पुढे करायच्या, एक चौकोन रिकामा नसे. अकरा मिलिमीटर उघडणारं तोंड एकोणीसवर आलं, मग सत्तावीसवर. मी आकडा सांगितला की त्या म्हणत, “तुझं माप तुला. भाकरीचा किती तुकडा जाईल ते सांग.” मी दोन बोटं धरून दाखवी आणि त्या ती निरखून बघत. ‘प’ अर्धामुर्धा यायला लागला होता. ‘फ’ अजून ‘ह’च होता, पण बाजारात हुलं म्हटलं तरी गिऱ्हाईक येईल, झेंडू काय डोळ्यांना दिसत नाही का, असं त्यांचं म्हणणं.

बाकावर बसलेल्या इतर रुग्णांना त्या उपदेश करायच्या. “दात घासा रे. आभाताई सांगती ते ऐका. कागदावर दोनदा हाय, मी चार-चारदा घासते.” आणि मीही, काय सांगू, त्यांच्याकडे बोट दाखवून नव्या लोकांना म्हणायची, की बघा, अशी काळजी घ्यायची. तिमाही अहवालात त्यांच्या नावापुढे मी ‘उत्तम’ लिहिलं.

चौथ्या महिन्यात हनुवटीखाली एक पुळी आली. ती फुटली आणि पू वाहायला लागला. एक्स-रे काढला. पुढच्या टोकाला हाड धरलं होतं, मागच्या टोकाला फट तशीच होती आणि तिच्या कडा झिजलेल्या दिसत होत्या. आल्हाद सरांनी फोटो दिव्यावर लावून बराच वेळ पाहिला. “मधुमेह नाही. तंबाखू नाही. तोंडाची स्वच्छता सगळ्यांत चांगली. मग हे का व्हावं?” त्यांनी मला विचारलं, जणू मला माहीत असेल. मी खांदे उडवले. इंजेक्शनं सुरू झाली. पट्टीवर सत्तावीसचे एकोणीस झाले. त्या दिवशी भागुबाईंनी भाकरीचं माप विचारलं नाही.

एप्रिलमध्ये त्यांची एक भेट चुकली. सुवर्णाने फोनवर सांगितलं की आईंना ताप आहे, बसचा प्रवास झेपणार नाही. म्हणून मी पट्टी, वजनकाटा आणि कागद घेऊन स्कूटरवर मळ्यात गेले. सकाळचे नऊ वाजले असतील. अंगणात शिरताना ठसका लागला. सुवर्णा तीन दगडांच्या चुलीवर तव्यात काहीतरी भाजत होती. मिरच्या असतील असं वाटून मी नाकाला ओढणी लावली आणि पुढे गेले.

भागुबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर पत्र्याची डबी. उजव्या हाताची तर्जनी काळी. डोळे मिटून, अगदी बेताबेताने, त्या ते बोट दातांवरून फिरवत होत्या. उजवीकडून सुरुवात करून डावीकडे, आणि डावीकडे टाक्यांच्या जागी सगळ्यांत जास्त वेळ, दुखू नये म्हणून हलक्या हाताने, पण कुठे राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा. तिथे आतल्या बाजूला ती काळी पूड थापल्यासारखी बसली होती.

“मावशी, हे काय लावताय?”

त्यांनी डोळे उघडले, बाजूला थुंकल्या आणि मला बघून खूश झाल्या. “मिसरी. बस ना.”

“कधीपासून लावता?”

“हे काय इचारनं झालं? आठ-दहा वर्षांची आसन तवापासून. आई लावायची, आजी लावायची.”

“ऑपरेशननंतरसुद्धा?”

“मंग! सुवर्णा कागदावर खुणा करती त्या कशाच्या? तूच म्हणली ना बोटानं चालंल.”

“मावशी, मिसरी म्हणजे तंबाखूच आहे.”

लहान पोराने काहीतरी वेडंवाकडं बोलावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तंबाखू खात्यात. ही भाजल्याली हाय, दाताला लावायची. मी कधी गिळली नाय. थुंकून टाकते सगळी.”

सुवर्णा तवा उतरवून आली होती. तिला माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं असावं. ती घाईघाईने म्हणाली, “मीच भाजून, कुटून देते, ताई. आधी पंधरा दिवसांनी भाजायचे. डॉक्टरनी घासायला सांगितलं म्हणून आता आठवड्याला लागती.”

मिसरी मला माहीतच नव्हती, असं म्हणायला मी मोकळी असते तर बरं झालं असतं. पण आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या गोदावरीबाई परसात बसून मिसरी लावायच्या. मी शाळेत असताना त्यांच्या काळ्या दातांची नक्कल करून आईचा मार खाल्ला होता. शब्द माझ्या घरातला होता. प्रश्न लिहिताना मला तो आठवला नाही, कारण मी सोपं मराठी लिहिण्यात दंग होते. तंबाखू खातात, ओढतात, आणि लावतातही. तिसरं क्रियापद मी लिहिलं नाही. भागुबाई माझ्याशी एक अक्षर खोटं बोलल्या नव्हत्या. मी विचारलं त्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं होतं, आणि मी सांगितलं ते त्यांनी माझ्या दुप्पट निष्ठेने केलं होतं. रक्तवाहिन्या आकसवणारी ती पूड, नव्या हाडाला रक्ताचा थेंब थेंब हवा असताना, त्यांनी दिवसातून चार वेळा जखमेवर चोळली होती. तोंड स्वच्छ राहावं म्हणून.

त्या माझ्याकडे बघत होत्या. बाईची बुद्धी मुळातच तल्लख. “मंग माझं हाड,” त्या म्हणाल्या, “त्याच्यापायी नाय का धरलं?”

“तसं सांगता येत नाही, मावशी. पण आजपासून बंद करा.”

त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि डबी सुवर्णाच्या हातात दिली. एका शब्दाने कुरकुर केली नाही. पन्नास वर्षांची सवय त्यांनी त्या क्षणी सोडली. पुढचे आठ दिवस डोकं धरून पडून होत्या, पोट साफ होईना, कोणाशी धड बोलेनात, असं कोंडाजींनी मला नंतर सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज फुटत होता. “एवढी हट्टी बाई, ताई. पण तुम्ही सांगितलं म्हणून सोडली.”

उशीर झाला होता. मेच्या मध्यावर सरांनी दुसरं ऑपरेशन केलं. मागचं टोक मेलं होतं आणि त्याच्याबरोबर बाकीचंही गेलं. पोटरीतून आणलेलं सगळं हाड काढावं लागलं, धातूची पट्टीही काढली. पुन्हा दुसऱ्या पायाचं हाड घालावं इतकी ताकद अंगात उरली नव्हती. डाव्या बाजूला आता खाली आधारच नव्हता. हनुवटी एकीकडे सरकली, जीभ आत नीट टिकेना, लाळ थांबेना. आधी नाकातून नळी, मग पातळ पेज, तीही वाटीने हळूहळू, मान वर करून. बोलताना नुसते स्वर निघत. सुवर्णालाच तेवढं कळायचं, तेही थोडं अंदाजाने.

मी सरांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, “आभा, केवळ त्यानेच झालं असं म्हणता येणार नाही. तंबाखूच्या वाटेला न जाणाऱ्यांचंही हाड कधी कधी धरत नाही. एका रुग्णावरून निष्कर्ष काढत नसतात.” हे खरं आहे, मी शिकलेली आहे, मला ते कळतं. पण त्याने मला एक रात्रही झोप लागली नाही. प्रश्न बदलला. आता त्यात ‘मिसरी लावता का’ असं स्पष्ट आहे. प्रकल्पातल्या तेवीस बायकांना आम्ही पुन्हा विचारलं. नऊजणी लगेच हो म्हणाल्या. एक तर मलाच हसली, की मग दात कशाने घासायचे? भागुबाईंच्या नावापुढे, दुसरं ऑपरेशन झाल्यामुळे, नियमाप्रमाणे ‘वगळले’ असं लिहावं लागलं. ते मीच लिहिलं.

वगळल्यावर त्यांच्याकडे जायचं मला काही कारण उरलं नाही. तरी ऑगस्टमध्ये मी गेले. पट्टी नेली नाही, कागद नेले नाहीत. कोंडाजी घरी नव्हते. आता बाजाराला ते जात होते. टोपली मांडून मान खाली घालून बसतात आणि गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला देतात, असं माझे वडील बघून आले होते. सुवर्णा घरापासून वीस-पंचवीस पावलांवर झेंडू तोडत होती. तिने तिथूनच हात केला. भागुबाई त्याच ओट्यावर बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या, गळ्याशी टॉवेल. मला बघून त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली.

मी बसले आणि सांगून टाकलं. “मावशी, तो प्रश्न मी लिहिला होता. खाता किंवा ओढता. लावता का असं मी विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात आणि आम्ही पहिल्याच दिवशी बंद केलं असतं. चूक तुमची नव्हती. माझी होती.” पाठ करून आले होते तरी मधे दोनदा थांबावं लागलं.

मग त्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, आणि बोलायला लागल्या.

खूप वेळ बोलल्या. आवाज चढला, उतरला, मधे एकदा मनगटाला हिसका दिला. डोळे भरले होते, पण ते हल्ली तसेही भरलेलेच असत. मला एक शब्द कळला नाही. रागावत होत्या की समजूत घालत होत्या, हेसुद्धा मला कळलं नाही. कान लावून, ओठांकडे बघून, सगळं करून पाहिलं. नुसते स्वर.

सुवर्णा समोर होती. एक हाक मारली असती तर धावत आली असती. मी मारली नाही. त्या काय म्हणत असतील याची मला भीती वाटत होती.

माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखलं. त्या थांबल्या, टॉवेलने तोंड पुसलं, तळहाताने हनुवटी खालून वर धरली, तसं धरलं की थोडं स्पष्ट येतं असं त्यांना वाटत असावं, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सावकाश. एकेक शब्द सोडवून. त्यांना ते दुखत होतं.

मी मान हलवली. म्हटलं, “हो मावशी. कळलं.”

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, मनगट सोडलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. त्यांना ते खरं वाटलं.

तीन आठवड्यांनी छातीत कफ दाटून त्या गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा घरात बायका बसल्या होत्या. सुवर्णा मला घेऊन मागच्या दारी आली. रडून तिचा आवाज बसला होता.

“त्या दिवशी तुमच्याशी लय वेळ बोलल्या, ताई. एवढं त्या कोणाशीच बोलल्या नव्हत्या. नंतर मी लय इचारलं, तर हातानं म्हणल्या, आभाला सांगितलंय. काय सांगितलं हो?”

“मला कळलं नाही, सुवर्णा.”

ती म्हणाली, “मी तिथंच होते ना, ताई. हाक का नाय मारली?”